गॅसवरचं दूध

आत बोलावणं आलं तरी इरावती पेडणेकर खुर्चीतून उठेना. घाटकोपरच्या त्या दातांच्या दवाखान्यात भर दुपारी भिंतीवर टीव्ही चालू होता, आणि टीव्हीत एक नवरा आपल्या वकीलबाईसमोर बसून रडत होता.

"मी स्टूल धरून उभा होतो," तो सांगत होता. "ती म्हणाली, दूध उतू जाईल, जा ना आधी. गॅस बंद करून आलो तर खिडकीत कोणीच नाही."

इरावतीच्या दाढेतली कळ कुठल्या कुठे गेली. हेच वाक्य, त्या 'जा ना आधी'सकट, तिने स्वतःच्या ऑफिसात ऐकलं होतं. तिच्या अशिलाच्या, हर्षदच्या तोंडून. मालिकेत दिवाळीच्या कंदिलाऐवजी पडदा लावायला चढली होती बायको, बाकी सगळं तेच.

एरवी असल्या क्राइम मालिका ती ढुंकून बघायची नाही. त्यातले वकील कोर्टात घसा ताणून ओरडतात, साक्षीदार पढवतात, वर अशिलाला डोळा मारतात. काळ्या कोटाची पार वाट लावली मेल्यांनी, असं ती वकिलांच्या खोलीत ऐकवायची आणि सगळे मुकाट ऐकून घ्यायचे. तिचा शब्दच तसा होता. बायको मेलेल्या नवऱ्याची केस ती घेत नसे, हे अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत सगळ्यांना माहीत.

हर्षदची मात्र घेतली. लॉकडाऊन उठल्यावर त्याचं लग्न झालं आणि दुसऱ्याच दिवाळीत बायको गेली. सपना नाव तिचं. कंदील लावायला खिडकीशी चढली ती सहाव्या मजल्यावरून खाली. पोलीस म्हणाले, यानेच ढकललं. इरावतीने त्याला दोनदा परत पाठवलं. पुन्हा आला तेव्हा त्याने दुधाचं सांगितलं आणि हे कोर्टात काढू नका अशी गळ घातली. सपनाचे शेवटचे शब्द चारचौघांत मांडायचे नाहीत म्हणाला. इरावतीला भरून आलं. ज्याला खोटंच बोलायचं आहे, तो ते लपवायला कशाला सांगेल?

पोलिसांच्या पुराव्यात दम नव्हता. गेल्या महिन्यात हर्षद सुटला. पेडणेकर बाईंनी केस घेतली म्हणजे माणूस निर्दोषच, असं कोर्टातला शिपाईसुद्धा बोलून गेला. फक्त सपनाच्या आईने तिला बाहेर गाठलं होतं.

"बाई, तुम्ही पण?" एवढंच विचारलं त्या माउलीने.

ते फार लागलं होतं. पण इरावतीला दुधाचं माहीत होतं, म्हणून तिने मान खाली घातली नाही.

दाढ तशीच ठेवून ती ऑफिसात आली. हर्षद बोलला तेव्हा खोलीत तिसरं माणूस एकच, तिची ज्युनियर दीप्ती. मानखुर्दची पोर, घरातली पहिली वकील. आईने तिची सनद फ्रेम करून बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लावली होती. आणि तिचा भाऊ विकी आरेच्या बाजूला मालिकांच्या सेटवर लाइट लावायचा. आणखी काय हवं होतं?

इरावतीने आवाज चढवला नाही. अशिलाची गोष्ट ऑफिसाबाहेर गेली की आपल्यात आणि टीव्हीतल्या त्या नमुन्यांत फरक काय, असं विचारलं.

"मॅडम, मी सांगितलं असतं तर आधी आईला सांगितलं असतं," दीप्ती म्हणाली. "तिलाही नाही सांगितलं."

इरावतीने तिला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. लेखी काही करणार नाही, पण कोणी विचारलं तर चांगलं बोलणंही जमणार नाही. या धंद्यात तेवढं पुरतं. दीप्तीने कोट हातावर घेतला, डबा पिशवीत टाकला आणि ती गेली.

मग इरावतीने हर्षदला फोन लावला. कबूल करणं भागच होतं. तुमची गोष्ट माझ्या ऑफिसातून फुटून टीव्हीवरच्या मालिकेत गेली, हवं तर माझ्याविरुद्ध तक्रार करा, असं तिने सरळ सांगितलं.

"जाऊ द्या ना मॅडम," तो म्हणाला. "माझी काही तक्रार नाही."

आपण मालिकावाल्यांना सोडणार नाही म्हटल्यावर मात्र तो गयावया करायला लागला. तिकडे जाऊ नका, सपनासाठी तरी विषय बंद करा म्हणाला. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस, आणि आपल्याकडून त्याचं हे असं व्हावं! इरावतीला स्वतःचीच लाज वाटली. आता तर जायलाच हवं होतं.

मालिकेचं ऑफिस साकीनाक्याला, एका वर्कशॉपच्या वर. खालची मशीन घरघरत होती. लेखकाचं नाव मुकुल. पोरगेलासा, पण अदबीने वागला. खुर्ची दिली, चहा मागवला. इरावतीने अशिलाचं नाव घेतलं नाही. कोणी विकलं तेवढं सांगा, केस करणार नाही, असा शब्द दिला. तिला खरं तर त्याच्या तोंडून दीप्तीचं नाव ऐकायचं होतं. ते ऐकलं असतं तर काळजावरचा भार उतरला असता.

"दुधाचं ना? ते माझंच आहे, मॅडम," मुकुल म्हणाला. "कडक वकीलबाईला पाझर फुटेल असं काहीतरी हवं होतं."

"ही गोष्ट माझ्या ऑफिसच्या चार भिंतींत बोलली गेलीय," इरावती म्हणाली. "तिथून तुमच्याकडे कोणी आणली?"

मुकुलला बिचाऱ्याला कळेना, बाई एवढ्या का तापल्यात. त्याने चहाचा कप तिच्यापुढे सरकवला.

"कोण आणणार, मॅडम? दुपारी लागतं ते सगळं रिपीट असतं. हा भाग आम्ही शूट केला ना, तेव्हा लॉकडाऊन कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता."