हाताचा गुण

घोडीनं उजवा पाय पुन्हा उचलून धरला. नाथाजी जीपला टेकून नुसता बघत राहिला.

"अजून थोडं थांबा," हंबीरराव म्हणाले.

नाथाजी इस्लामपूरचा ऊस बागायतदार, शर्यतींचा नादी. खुरात खिळा रुतलेला असतानाही त्यानं साळुंकीला पळवलं होतं. पाय सडायला लागला तेव्हा तिला कोरेगावला हंबीररावांच्या परड्यात आणून सोडलं.

हंबीरराव फौजेत जनावरांच्या दवाखान्यात दफेदार होते. पेन्शनीत आल्यापासून ते जायबंदी घोडी घेत, बरी करत आणि चांगलं घर बघून देत. त्र्याण्णव सालापर्यंत रिक्षांनी सांगलीतले टांगे बसवत आणले, तशी त्यांच्या परड्यात दाटी झाली. पण साळुंकीला मालक होता. त्यानं चार माणसांदेखत विचारून घेतलं होतं आणि हंबीररावांनी शब्द दिला होता, नीट चालायला लागली की तुमची तुमच्या हवाली.

नाथाजीची आधीची घोडी शर्यतीतच ऊर फुटून मेली होती, हे नंतर लीलाबाईंना बाजारात कळलं. त्यांनी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. हंबीरराव ताटावरून उठले.

"नका देऊ माघारी," लीलाबाई म्हणाल्या.

"शब्द दिलाय. ह्या वयात खोटा पडू व्हय?"

लीलाबाई पुन्हा त्या विषयावर बोलल्या नाहीत.

हंबीररावांचा गुडघा वाकत नसे. म्हणून खुर मांडीवर घ्यायचा लीलाबाईंनी आणि त्यांनी उभ्यानं बघून सांगायचं. लिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं धुवायचं, हळदीचा लेप, वर गोणपाटाची पट्टी. हळूहळू पू थांबला. जखम भरली, तळवा स्वच्छ दिसायला लागला. पण पट्टी बांधून चालवली की घोडी लंगडायचीच.

हंबीररावांनी औषध बदललं, लेप बदलला. आत हाडाला काही लागलं असेल म्हणून शेक दिले. गुण येईना. घोडी बरी झाली तर मरणाच्या दारात जाणार, हे त्यांना कळत होतं. तरी ती बरी होत नाही, हे त्यांना सोसवत नव्हतं. फौजेत अवघड जनावर त्यांच्याच पुढ्यात यायचं. आता ते आपले हात उलटेसुलटे करून बघत बसत.

एके दिवशी सांगलीचा गुंडा टांगेवाला आपला खंगलेला घोडा घेऊन आला. हंबीररावांनी त्याला दारातूनच परतवलं.

"दुसरीकडं बघ, गड्या. माज्याच्यानं आता हुईना."

लीलाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. काही बोलतील असं हंबीररावांना वाटलं. पण त्या पदरानं तोंड पुसून आत गेल्या.

त्यानंतर नाथाजी आला तो आपला जाणता माणूस घेऊनच. त्या माणसानं साळुंकीला परड्यात दोन फेऱ्या चालवलं आणि मान हलवली. नाथाजीनं फारसा विचार केला नाही.

"ठेवा तुमच्याकडंच. मी दुसरी बघितलीया." जीपमध्ये बसता बसता तो थांबला. "राग मानू नका दफेदार, पण तुमच्या हाताला आता गुण राह्यला न्हाई."

हंबीरराव दगडावर बसले. घोडी वाचली होती, पण त्यांना मान वर करवत नव्हती. उद्यापासून कुणाचं जनावर घ्यायचं नाही, असं त्यांनी बायकोला सांगून टाकलं.

लीलाबाई जीपचा आवाज विरेपर्यंत उभ्या राहिल्या. मग त्यांनी साळुंकीचा खुर मांडीवर घेतला, गोणपाट सोडलं आणि तळव्याला टेकवून बांधलेला चिंचोक्याएवढा खडा काढून बांधाकडं भिरकावला.

"आता चालवून बघा," त्या म्हणाल्या.