आधी पाय बघा

या, जरा पुढे सरकून बसा. एका थोर जिभेची फजिती ऐकायची आहे, आणि ती मागून नीट ऐकू येणार नाही.

तर रसनाशास्त्रींनी डोळे मिटले आणि गुलाबी मॅकरॉनचा अर्धा तुकडा जिभेवर ठेवला. बेकरीच्या मागच्या खोलीत भट्टीची घरघर तेवढी चालू होती. साप्ताहिकात 'जिभेचा कौल' हे सदर ते बावीस वर्षं लिहीत होते. रसनाशास्त्री हे नाव लोकांनी दिलेलं. त्यातली थट्टा तेवढी वगळून बाकीचं त्यांनी आनंदाने स्वीकारलं होतं.

टेबलाच्या पलीकडे बेकरीची सून उभी होती. बदामाची पूड, साखर आणि फेटलेला अंड्याचा पांढरा बलक, एवढ्यातून हे फ्रेंच बिस्किट जमवायला तिने आठ महिने घालवले होते. या प्रकाराची सगळी अब्रू त्याच्या पायांत असते. भट्टीत फुगताना खालच्या कडेला जी जाळीदार झालर फुटते, तिला कारागीर पाय म्हणतात. मिश्रण जरा जास्त घोटलं गेलं की पाय फुटत नाहीत. मॅकरॉन बटणासारखं गुळगुळीत होतं आणि दाताला चामड्यासारखं लागतं.

"आपल्या दुकानात वस्तूंना आधीच पाय फुटतात, सूनबाई," सासूबाई म्हणाल्या होत्या, "त्यात तू आणखी मुद्दाम फोडतेस." आणि अट घातली होती. शास्त्रींनी चांगलं म्हटलं, तर दर्शनी काचेचं कपाट सुनेचं. नाही म्हटलं, तर उद्यापासून भट्टीत पुन्हा फक्त पाव आणि टोस्ट.

ताटली सासूबाईंनीच आणून ठेवली होती. ती टेबलावर टेकली तेव्हा सुनेचं लक्ष गेलं होतं. ही सकाळची बिघडलेली खेप होती, मोरीजवळ बाजूला ठेवलेली.

"ती फाटक्या कडांची मागेच ठेवली," सासूबाई तिच्या कानाशी अभिमानाने कुजबुजल्या होत्या. "पाहुण्यापुढे जरा सुबक नको?"

शास्त्रींनी डोळे उघडले. "वा," ते म्हणाले. "कवच कसं, रेशीम. आत थोडा चिवटपणा आहे, पण तो विचारपूर्वक आणलेला आहे." दाढेत अडकलेला चिवटपणा त्यांनी जिभेने सोडवला. "दहापैकी दहा."

कपाट मिळालं होतं. आता फक्त गप्प बसायचं होतं. सुनेला वाटलं, बसावं गप्प. मग वाटलं, उद्या लोक येतील आणि हेच मागतील.

"साहेब," ती म्हणाली, "आधी पाय बघायचे असतात."

शास्त्री वाकले आणि त्यांनी टेबलाखाली पाहिलं. सून पहाटे चारपासून उभी होती. रबरी चपलांच्या पट्ट्या पावलांत रुतल्या होत्या.

"सुजलेत खरे," ते मायेने म्हणाले. "कोमट पाण्यात मीठ टाकून बसत जा."

"माझे नाही. मॅकरॉनचे." तिने मागून दुसरी ताटली आणली आणि एक उलटं करून दाखवलं. "हे पाय. तुम्ही खाल्लंत त्याला नाहीत. ती खेप बिघडलेली आहे, चुकून समोर आली."

शास्त्री कानापासून मानेपर्यंत लाल झाले. त्यांनी पायवालं एक तोंडात टाकलं. ते नाजूक मोडलं, विरघळलं, आणि क्षणभर त्यांचा चेहरा दूध प्यायलेल्या बाळासारखा झाला. पण बावीस वर्षांची जीभ अशी सहज शरण जात नाही.

"बाई, तुम्हाला स्वतःच्या हाताची किंमत कळत नाही," ते म्हणाले. "पाय काय, कुणीही आणेल. पाय सोडून द्यायला वैराग्य लागतं. ही निष्पाद शैली आहे." तो शब्द त्यांनी वहीत लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या. डावा हात तेवढ्यात पायवाल्या ताटलीकडे परत गेला होता.



सासूबाई दारातून पुढे आल्या. त्यांनी दोन्ही ताटल्यांतलं एकेक उचललं. आठ महिन्यांत त्यांनी यातलं एकही तोंडात घातलं नव्हतं. पहिलं त्या बराच वेळ चावत राहिल्या. दुसरं खाऊन त्यांनी त्यातलंच आणखी एक उचललं.

"चूक माझीही झाली, शास्त्रीबुवा," त्या म्हणाल्या. "पण मी न चाखता चुकले. तुम्ही चाखून चुकलात."

त्यावर निष्पाद शैलीच्या त्या भक्ताने तिथून काढता पाय घेतला.

सदर मात्र छापून आलं. वैराग्यावर दीड रकाना होता. सासूबाईंनी ते कात्रीने नीट कापलं. मग काचेच्या कपाटातल्या टोस्टच्या बरण्या स्वतः उतरवल्या आणि तिथे पायवाली मॅकरॉन लावली. गल्ल्याशेजारी बिघडलेल्यांची एक ताटली असते. तिच्यामागे ते कात्रण चिकटवलेलं आहे आणि खाली सासूबाईंच्या अक्षरात लिहिलंय: 'रसनाशास्त्रींची पसंती. फुकट.'

दर शनिवारी शास्त्रींच्या घरून एक माणूस डबा घेऊन येतो. फुकटच्या ताटलीकडे तो ढुंकूनही बघत नाही. "पायवालीच द्या," म्हणतो, "साहेबांनी बजावून सांगितलंय."

तेव्हा मायबाप हो, कधी एखादं मॅकरॉन हाती आलं तर खाण्याआधी उलटं करून बघा. आणि पाय दिसले, तर भट्टीसमोर सुजलेल्या त्या दुसऱ्या दोन पायांची आठवण ठेवा.