कळ कुणाची

भाकरी थापता थापता शाल्मलीच्या धडधाकट गुडघ्यात कळ आली, म्हणजे सासूबाई उठल्या. दुसरी कळ आली, म्हणजे त्यांनी उंबरा ओलांडला.

गुडघा बदलल्यावर मृणालिनीबाईंची नस दवाखान्यात बधिर केली होती. पण त्यातलं दुखणं घरातल्या कुणाला तरी घ्यावंच लागे. मुलाने बायकोचं नाव सांगितलं. शाल्मलीच्या मांडीवर पट्टा बांधला, आणि सासूबाईंची प्रत्येक कळ तिच्याकडे येऊ लागली.

समोरच्या दारातून दातारकाकूंचा आवाज आला, "दुखत नाही ना हो?"

"छे! सुनेला जरा टोचतं म्हणे. नुसतं कण्हायचं सोंग! तिच्या आईने सोसायचं वळणच लावलं नाही."

बोलताना मृणालिनीबाई ठेक्यात पाय हलवत होत्या. शाल्मलीने तवा उतरवला, हात धुतले आणि लंगडत दातारांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आई, कळ लावायला इथवर आलात, तर आता तुमची तुम्हीच घ्या."

तिने पट्टा सोडला.

"आई गंऽऽ!" मृणालिनीबाई किंचाळल्या.

"हो, त्यांनाच हाक मारा," शाल्मली हळू आवाजात म्हणाली. "त्यांनी तरी वळण लावलं असेल."