खाप्याचं स्थळ

देवरावांनी पोरीकडे पाहिलंच नाही. चहाचा कप खाली ठेवून ते सरळ मागच्या वाडीत गेले आणि वांग्याच्या रोपांशी उकिडवे बसले.

मैनाबाईंचा जीव खालीवर झाला. त्यांची लेक चारुशीला नवं पातळ नेसून दाराशी उभी होती. तिला ना शिक्षण विचारलं, ना नोकरी.

"रोपं दाट झाली," देवराव म्हणाले. "आता काढून लावाले पाहिजे."

"राहू द्या चार दिवस," मागोमाग आलेल्या मैनाबाई म्हणाल्या. " आषाढाच्या चिखलात लावली तं मुळं सडतात. आमची माती काळी आहे. उघाड पडली की लावीन."

देवराव मैनाबाईंकडे बघत राहिले. मग मान हलवून उठले. त्या दिवशी एवढंच बोलणं झालं.

हे स्थळ नणंदेनं, इंदूबाईंनी, आणलं होतं. खापा गावची माणसं, आपल्यातलीच, पण हातमाग सोडून शेतीला लागलेली. घरात देवराव आणि त्यांचा मुलगा रविंद्र, दोघंच. देवरावांची बायको जाऊन सहा वर्षं झालेली. त्या घराला बाईमाणूस पाहिजे, माणसं सोन्यासारखी आहेत, असं इंदूबाई म्हणाल्या. मैनाबाईंनी पुढं काही विचारलं नाही. विचारायचं काय? चारुशीला चोवीस वर्षांची, तांडापेठेतल्या शाळेत मास्तरीण, आणि दोन स्थळं तिनं स्वतःच परतवलेली.

का परतवली, ते मैनाबाईंना ठाऊक होतं. नवरा गेल्यापासून बारा वर्षं त्या दुसऱ्यांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरत होत्या आणि मागच्या वाडीत भाजी पिकवत होत्या. आई एकटी पडेल म्हणून पोर लग्नाला नाही म्हणते, हे त्यांच्या मनाला फार लागायचं.

या वेळी मात्र चारुशीला नाही म्हणाली नाही. उलट, त्यांना पुन्हा बोलवा, असं तिनंच आत्याला सांगितलं.

श्रावणात बापलेक सकाळच्या एसटीनं आले. देवरावांनी फडक्यात वालाचं बी बांधून आणलं होतं. कुंपणालगत त्यांनी स्वतः आळी खणली, मैनाबाईंनी बी टोचलं. रविंद्र आणि चारुशीला विहिरीच्या काठावर बसून हळू आवाजात बोलत होते. मैनाबाई जवळ गेल्या की दोघं गप्प व्हायचे. मग त्या तिकडे जाण्याआधी खोकायला शिकल्या. मनातून त्यांना बरं वाटत होतं.

कोडं होतं ते देवरावांचं. मुलाचा बाप, पण मुलीबद्दल चकार शब्द नाही. विचारायचे ते भलतंच. शेणखत कुठून आणता, उकिडवं बसून गुडघे दुखत नाहीत का, दुपारी जरा पडता की नाही. सून बघायची ही कुठली रीत, असं मैनाबाईंनी इंदूबाईंना विचारलंही. त्या म्हणाल्या, माणूस सावकाश आहे, घाई करू नको.

पितृपक्षात देवराव सांबाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं, बी घेऊन आले. आत्ताच टाकू म्हणाले. मैनाबाईंनी ऐकलं नाही. दसऱ्याचं ऊन उतरल्याशिवाय सांबार धरत नाही, असं त्यांनी सांगितलं. देवरावांनी निमूट बी परत बांधलं. दसरा झाल्यावर दोघांनी मिळून मेथी, पालक आणि सांबाराचे वाफे केले. कार्तिकात वाफे हिरवेगार झाले. ते बघून देवराव पहिल्यांदा मोकळं हसले. आमची चार एकर पिकते, म्हणाले, पण घरामागचं आवार सहा वर्षांपासून तसंच पडलं आहे.

मैनाबाईंनी ते मनावर घेतलं. पोरीला सासरी हे सगळं यायला पाहिजे. रोज सकाळी शाळेआधी त्या चारुशीलाला वाफ्याशी बसवू लागल्या. मृगानंतर काय टाकायचं, दसऱ्यानंतर काय, काकडी आणि दुधी माघात का लावायची.

"मले काहून शिकवून राहिली वं माय?" चारुशीला हसली. "तुले येते ना."

"मी का तुह्यासंग खाप्याले येऊन राहिली?"

चारुशीला खाली वाकून गवत उपटत राहिली.

मार्गशीर्षातल्या रविवारी खाप्याहून निरोप आला, आज पक्कं करायला येतो. मैनाबाईंनी आपल्या वांग्यांची भाजी केली, मेथीची भाकरी थापली. कसलीही अट न घालता हो म्हणायचं, आणि रडायचं ते पाहुणे गेल्यावर, असं त्यांनी ठरवलं होतं. मन समाधानी होतं. पोर चांगल्या माणसांत पडत होती.

जेवणं झाली. देवराव आज वाडीत गेले नाहीत. खाली मान घालून सतरंजीवर बसून राहिले. इंदूबाईंनी पिशवीतून नारळ काढून रविंद्रच्या हातात दिला. मैनाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नारळ घ्यायला हात पुढं केले.

रविंद्र त्यांच्यासमोरून पुढं गेला आणि चारुशीलापाशी थांबला. त्यानं वाकून नारळ तिच्या ओंजळीत ठेवला.

"चारुताई," तो म्हणाला, "आमच्या बाबांसाठी तुमच्या मायले मागाले आलो."