उट्टरशोल्डांचा शेवटचा

“हातोडा कुणाच्या हातात द्यायचा?” काउंट रूटगरने विचारलं.

“तुझ्या नको,” बॅरन सिगवर्ड उट्टरशोल्ड म्हणाले. “नेम चुकेल तुझा. आणि खाली मी असेन.”

बॅरनच्या अंत्यसंस्काराचा बेत ठरत होता. बॅरन एक्याण्णव वर्षांचे, ठणठणीत होते आणि त्यांना कसलीही घाई नव्हती. पण असली कामं वेळेत उरकलेली बरी, म्हणून त्यांनी स्टॉकहोमहून सरदारसभेची माणसं बोलावली होती. माणसं दोन. सभेचे अध्यक्ष काउंट रूटगर, म्हणजे बॅरनचा शाळासोबती, आणि नोंदी ठेवणारा टोरबियर्न, पन्नाशीचा, चष्मेवाला, कमी बोलणारा.

घराण्यातला शेवटचा पुरुष गेला की त्याच्या शवपेटीवर घराण्याची ढाल फोडतात. बाकीच्यांना फुलं. बॅरनच्या आजोबांना फुलं मिळाली, वडिलांना फुलं, गेल्या महिन्यात धाकट्या भावाला, रांगव्हाल्डला, तीही जरा कोमेजलेलीच. आपण थोरल्याच्या मागे उरायचंच, असं ठरवून रांगव्हाल्ड रोज सकाळी तळ्याच्या बर्फात भोक पाडून डुबकी मारायचा. त्यातच त्याला न्यूमोनिया झाला.

आता उरले सिगवर्ड. साडेतीनशे वर्षांत हा मान एकदाच मिळणार, आणि तो आपल्याला, या विचाराने बॅरनची पाठ बसल्या बसल्या ताठ व्हायची.

टोरबियर्नने कॉफी ओतली. बॅरनच्या कपात साखरेचे दोन खडे टाकले आणि काउंटना किती हवेत ते विचारलं.

“एकही नको. डॉक्टर ओरडतो,” काउंट म्हणाले. “बरं, भाषणात पदवीचा उगम सांगावा लागेल. तुझा तो पाणमांजरवाला ना?”

“पाणमांजरवाला नाही. निल्स.” बॅरननी कप खाली ठेवला. “पाणमांजरं पकडायचा, हे खरं. त्या हिवाळ्यात सामुद्रधुनी गोठली होती आणि राजाचं सैन्य अलीकडे अडकलं होतं. सेनापती म्हणाले, बर्फ तुटेल. निल्स बर्फावर पालथा पडला, कान लावला आणि म्हणाला, नाही तुटणार. राजाने विचारलं, कशावरून? तर या पठ्ठ्याने आपले चारही मुलगे घसरगाडीत बसवून पुढे काढले. म्हणाला, हे पोचले की या.”

“पोचले?”

“नसते पोचले तर मी इथे कॉफी पीत बसलो असतो का? राजाने पलीकडे पाय ठेवताच त्याला बॅरन केलं. बॅरन म्हणजे नुसतं बिरुद नव्हे, रूटगर. मोकळा स्वामी. त्याने एकदा शब्द दिला की राजासुद्धा पुरावा मागत नाही.”

काउंटनी बिनसाखरेची कॉफी उगाच ढवळली. त्यांच्या घराण्याला पदवी मिळाली होती ती राणीच्या दातदुखीवर लवंगा आणून दिल्याबद्दल.

“नशीबवान आहेस,” ते म्हणाले. “मला अकरा नातू. एक पिझ्झा विकतो.”

“तुझी ढाल कसली फुटतेय मग! जन्मभर धूळ पुसत बसा तिच्यावरची.”

“हस, हस. पण तू शेवटचा हे पक्कं ना? माझ्या मामांच्या ओळखीत असाच एक शेवटचा गेला. ढाल फुटली, लोक रडले, आणि नंतर कॉफीला ऑस्ट्रेलियातून तीन पुतणे हजर. तुकडे डिंकाने जोडावे लागले.”

“सगळ्या नोंदी मी स्वतः तपासल्यात, काउंटसाहेब,” टोरबियर्न म्हणाला.

“तरी तोंडी विचारायचं. नियम आहे.”

टोरबियर्नने पेनाचं टोपण काढलं. “लग्न, बॅरनसाहेब?”

“नाही.”

“मुलगे?”

बॅरननी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर एप्रिलचं ऊन पडलं होतं, तळ्यावरचा बर्फ कडेने सुटायला लागला होता. काउंट पुढे झुकले.

“नाही,” बॅरन म्हणाले.

टोरबियर्नने ‘नाही’ लिहिलं. सुबक, वळणदार अक्षर. बॅरननी ते कौतुकाने पाहिलं आणि खाली सही केली. काउंटनी शिक्का मारला, उभे राहिले, आणि ऐंशी वर्षांत पहिल्यांदाच सिगवर्डसमोर मान झुकवली.

“मेल्या, हेवा वाटतो तुझा,” ते पायऱ्यांवर म्हणाले.

“वाटायलाच हवा.”

काउंटची गाडी लिंडनच्या झाडांच्या रांगेपलीकडे वळून दिसेनाशी होईपर्यंत बॅरन छाती काढून दारात उभे राहिले. मग टोरबियर्नने खुंटीवरचा कोट काढून त्यांच्या खांद्यावर घातला.

“चला लवकर, बाबा,” तो म्हणाला. “आई मागच्या फाटकापाशी केव्हाची गाडीत बसलीय, आणि तुमच्या तिन्ही नातवांना भूक लागलीय.”