सणामागची गोष्ट

सलग तिसऱ्या वर्षी चिनी नववर्षाच्या सणाला लानशिनचे आईबाबा शहरातून आले नाहीत. कुरिअरने चित्रांचं पुस्तक तेवढं आलं. आजी दाराला लाल कागद चिकटवत होती आणि लानशिन पायरीवर बसून मोठ्यानं वाचत होती. पुस्तकात दर नववर्षाला न्येन नावाचा राक्षस यायचा, त्या दिवशी सगळं गाव पोराबाळांना घेऊन डोंगरात पळायचं. मागे एकटी म्हातारी राहायची.

तेवढ्यात बाबांचा फोन आला.

"आई, वाचलं का पुस्तक? सणामागची गोष्ट पोरीला कळायला हवी."

"कळली की. म्हातारीला टाकून सगळे पळतात, तीच ना?"

"अगं, राक्षस यायचा म्हणून."

"राक्षसाला नावं ठेवू नकोस. तो निदान दरवर्षी सणाला यायचा."