रिकामं चाक

इलेक्ट्रिक सायकलचं मोटारवालं चाक हाताने फिरवलं की आतले चुंबक धरतात आणि ते अडखळत फिरतं, हे मेकॅनिकला नवीन नव्हतं. हे चाक मात्र दर वेळी एकाच जागी गपकन थांबायचं.

त्याने तांब्याची तार उपसली, चुंबकही खरवडून काढले. तरीही रिकामं चाक अडखळत फिरलं आणि तिथेच थांबलं.

“रुसलेल्या जावयासारखं हटून बसलंय,” तो पुटपुटला.

दुपारी चाक अचानक कुठेही न अडता सुळकन फिरलं. तेवढ्यात दिवस भरत आलेली लेक दारात आली.

“बाबा, हात ठेवा. तुमचं नातवंड कूस बदलतंय.”

तळव्याखाली बाळ वळलं, अडखळलं. पुन्हा वळलं, पुन्हा अडखळलं.

“कसं नखऱ्यात फिरतंय,” लेक हसली.

त्याच्या हाताला चाकाची ती थांबायची जागा पाठ होती. तळव्याखाली ती आता आलीच होती.